माहेरी येणाऱ्या शेळ्या

विसाव्या वर्षीच्या मूर्खपणाला निदान रूप तरी असतं. साठाव्या वर्षीच्या मूर्खपणाला नुसत्या पदव्या असतात. हे मी अनुभवानं सांगते, कारण दोन्ही वयांत मी मूर्ख होते, आणि दुसऱ्या खेपेला तर मला त्याचा अभिमानही होता. माझी नात मराठी पाटी अक्षरं जुळवत जुळवत वाचते, तेव्हा हे लिहिलेलं ती काही वाचायची नाही. या भरवशावर आज त्या साठीतल्या बाईची थोडी थट्टा करून घेते. नुकतीच ती कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती आणि आता उरलेल्या जगाला शिकवायला निघाली होती.

पण गोष्ट तिची नाही. गोष्ट माझ्या थोरल्या जाऊबाईंची आहे. सगळं घर त्यांना आक्का म्हणतं.

आमचं घर हैदराबादच्या विद्यानगरात. सासरे जुन्या हैदराबाद संस्थानातल्या एका खेड्यातून नोकरीसाठी आले, त्यांनी जागा घेतली, घर बांधलं, आणि शेतकऱ्याच्या सवयीनं मागं गोठ्यापुरती जमीन मोकळी सोडली. पुढं म्हैस गेली, गाय गेली, शेळ्या राहिल्या. आता तिन्ही बाजूंना अपार्टमेंटं उभी आहेत. तिथली मंडळी वर्षभर वासाची तक्रार करतात आणि डेंग्यूचे दिवस आले की स्टीलचा डबा घेऊन शेळीच्या दुधासाठी आक्कांच्या दारात उभी राहतात. आक्का कुणालाच नाही म्हणत नाहीत. फक्त डबा भरताना विचारतात, "वास न्हाई ना येत दुधाला?"

पुण्याहून लग्न होऊन आले त्याच्या पहिल्याच सकाळी एका शेळीनं माझ्या वेणीतला गजरा ओढून खाल्ला. मी किंचाळले. आक्का धार काढत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "किंचाळू नको माय. तिला वाटंल तू गाऊ लालीस." आमची ओळख ही अशी झाली.

पुढं कधीतरी आक्कांनी जुन्या शहरातल्या एका शौकिनाकडून लांब कानांची एक शेळी आणली. काळीभोर, कानांवर पांढरे शिंतोडे, नाक पोपटासारखं बाकदार, आणि चाल अशी की बाजूला सरावं. तिच्यापासून आमच्या गोठ्यातला सारा वंश वाढला. तिच्या एका मुलाला आक्कांनी बोकड म्हणून ठेवलं. त्याला बघायला तारनाक्याहून माणसं येत. तो फाटकाशी उभा राहिला की शाळेच्या रिक्षातली पोरं सलाम करीत.

आता आक्कांची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीतूनच निघालं. घरातली मुलगी, पुतणी, भाची लग्न होऊन गेली की तिच्या पाठोपाठ आंदण म्हणून एक पाठ जाई. पाठ म्हणजे शेळीची तरणी पोर. ज्या मुली फ्लॅटमध्ये राहायला गेल्या त्यांना देता आली नाही, याचं आक्कांना त्या मुलींपेक्षा जास्त वाईट वाटे. आंदणाला अट एकच. शेळी माजावर आली की तिला आमच्याच बोकडाकडं आणायचं आणि व्यायलाही आमच्याकडंच आणायचं. "माझ्या घरची लेक परक्याच्या दारात जाणार न्हाई. तिनं माहेरी यायचं."

आणि खरंच त्या यायच्या. ऑटोत बसून, खिडकीतून मान बाहेर काढून, कोठीहून, तारनाक्याहून, उप्पलच्या पुढून. आक्का त्यांच्या कपाळाला कुंकू लावायच्या, ओंजळभर भिजवलेले हरभरे चारायच्या. जाताना पिशवीत पेंड बांधून द्यायच्या. साठीतल्या मला हे इतकं हृद्य वाटलं की मराठी मंडळाच्या अंकात मी त्यावर एक लेखच लिहिला. पशूंमध्येही माहेरपण कसं असतं, वगैरे. लोकांनी कौतुक केलं. एन्झाइम, पेशी, आईबापांकडून येणारे गुणदोष हे सगळं वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेल्या बाईला आपण या लेखात नेमकं कशाचं गुणगान करतोय, हे जराही उमगलं नाही. एन्झाइम फळ्यावर असतं, गोठ्यात नसतं, अशी माझी समजूत असावी.

मग संक्रांतीच्या सुमारास आमच्याच गोठ्यातली एक शेळी व्याली. एकच करडू झालं. रात्रभर आक्का तिच्याजवळ होत्या. सकाळी मला हाक मारली ती नेहमीच्या आवाजात नव्हती.

करडू गोणपाटावर पडलं होतं. डोकं नारळासारखं वर फुगलेलं. डोळे होते, पण पापण्यांच्या फटी इतक्या अरुंद की ते सतत संशयानं बघतंय असं वाटावं. आमच्याकडची करडं जन्मतःच कान लोंबवत येतात. याचे कान जाड, कडक आणि टोकाला मुडपलेले होते. पुढचे गुडघे वाकलेले, सरळच होईनात. मागच्या पायांचे घोटे उलटे मागं गेलेले. आईनं चाटून कोरडं केलं, नाकानं ढोसलं, पण ते उठलं नाही. निजलेलं असलं की अगदी स्वस्थ असायचं. दूध प्यायला तोंड पुढं केलं की मात्र डोकं थरथरायला लागायचं, आणि सड इकडं, तोंड तिकडं, असं व्हायचं.

"कापू लालंय कशानं?" आक्का म्हणाल्या. "थंडी तर न्हाई."

"कॅल्शियम," मी जाहीर केलं. "आक्का, याच्या आईला कॅल्शियम कमी पडलंय."

"तिला रोज शेवग्याचा पाला घालते मी. तुझ्यापेक्षा जास्त कॅल्शियम तिच्यात हाय."

पण मी थांबणारी नव्हते. औषधाच्या दुकानातून बाटली आणली. कॉलेजातून आणलेली लाकडी फूटपट्टी मोडून तिच्या दोन फळ्या केल्या आणि करडाच्या गुडघ्यांना बांधल्या. बांधायला मऊ काही मिळेना म्हणून यजमानांचा रेशमी टाय कापला.

आक्कांनी विचारलं, "नवऱ्याला इचारलंस का?"

"ते कुठं घालतात आता टाय?"

"टायचं न्हाई. करडाच्या पायाचं इचारलंस का? नवऱ्याचं डोकं तुझ्यापेक्षा बरं चालतं."

आक्का मात्र वेगळ्याच विचारात होत्या. शेळी गाभण असताना ग्रहण लागलं होतं आणि त्या दिवशी ती बाहेर बांधलेली राहिली, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. मी हसले. आज मला माझ्या त्या हसण्याचं हसू येतं. त्यांचं कारण आकाशातलं होतं आणि माझं औषधाच्या दुकानातलं, एवढाच काय तो फरक.

त्या करडाचं मला कौतुकही फार. कुकरच्या शिट्टीला बाकीची करडं टणकन उड्या मारायची, हे आपलं शांत. दाराशी कुत्रं भुंकलं तरी शांत. "किती समंजस आहे बघा," मी म्हणाले. "अगदी अभ्यासू मुलासारखं." आक्कांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, आत गेल्या, पितळेची परात आणली आणि करडाच्या मागं उभ्या राहून ती फरशीवर टाकली. शेळ्या खुंट्याला हिसके देऊ लागल्या. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. करडाचा कानसुद्धा हलला नाही.

"ऐकू येत न्हाई त्याला," आक्का हळूच म्हणाल्या आणि परात उचलून आत गेल्या.

ते करडू आक्कांनी जगवण्याचा प्रयत्न केला. तो कसा केला ते मी जन्मभर विसरणार नाही. त्याचं डोकं त्या आपल्या कोपराच्या खळगीत धरायच्या. हातानं नाही, कारण हातात धरलं की थरथर वाढे. खळगीत टेकवलं आणि छातीशी दाबलं की ते स्थिर होई. मग चमच्यानं, ओठाच्या कडेनं, एक एक घोट. मध्येच थांबायचं, त्याचा गळा हलतोय का ते बघायचं. स्वतःच्या चार लेकरांना इतक्या धीरानं त्यांनी भरवलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांना त्या दोन वेळा हाका मारायच्या आणि तिसऱ्या वेळेला ताट उचलायच्या. काही आठवडे असे गेले. एका दुपारी ते करडू त्यांच्या मांडीवरच गेलं. आक्कांनी घराच्या मागं, शेवग्याखाली, स्वतः खड्डा खणला. मला फावडं धरू दिलं नाही. "तू पाय चांगले बांधले होतेस," एवढंच म्हणाल्या. मला अजून कळत नाही, ते सांत्वन होतं की टोमणा.

उन्हाळ्यात दुसरी शेळी व्याली. जुळं झालं. एक करडू घटकाभरात उठून आईच्या पोटाखाली घुसलं. दुसरं तसंच. तेच फुगलेलं डोकं, त्याच फटी, तेच वाकलेले गुडघे. सडाकडं तोंड नेलं की तीच थरथर.

आक्का दोन्ही करडांकडं बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "एकाच पोटात व्हते. एकाला ग्रहण लागलं आन् एकाला न्हाई? एकाला कॅल्शियम मिळालं आन् एकाला न्हाई?"

मी कॅल्शियमची बाटली फळीवर मागं सरकवली.

"डॉक्टरीणबाईला बोलव," आक्का म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई म्हणजे जनावरांच्या सरकारी दवाखान्यातली तरुण मुलगी. तेलुगू घरची, आक्कांशी दख्खनी उर्दूत बोलायची. तिनं करडाच्या डोळ्यांत बॅटरीचा झोत टाकला तेव्हा बुबुळं आडवी थरथरताना आम्हाला पहिल्यांदा दिसली. तिनं गुडघे हलकेच दाबून पाहिले, टाळ्या वाजवल्या, तोंड उघडून पाहिलं. मग दुसऱ्या, धडधाकट करडाचं सगळं अंग तितक्याच बारकाईनं तपासलं. हे मला फार आवडलं. आजाऱ्याकडं सगळेच बघतात.

"अम्मा, ये माँ-बाप से आती सो बीमारी लगरी मेरेकू."

"माँ-बाप?" आक्का दुखावल्या. "हट्टेकट्टे हैं दोनों. देखो ना तुमीच."

"वोइच तो. उनो अच्छे दिखते. इसका बाप कौन?"

आक्कांनी हनुवटीनं फाटकाकडं दाखवलं. बोकड ऐटीत उभा होता.

"माँ का बाप?"

आक्कांनी हनुवटी पुन्हा तिकडंच वळवली. "वोइच."

"और वो पहिला बच्चा, मर गया सो?"

"उसका बी वोइच. उसकी माँ इसकी मौसी लगती. इधर से देखे तो फुफी बी लगती." आणि मग आक्का सुरू झाल्या. कोठीची कुणाची नात, तारनाक्याची कुणाची भाची, कोण कुणाची आत्या आणि तीच दुसऱ्या बाजूनं बहीण कशी. शेळ्यांची नाती आक्का माणसांच्या नात्यांनीच सांगत, आणि आमच्याकडं मामाच्या मुलीशी लग्न चालतं, तेव्हा अशा गुंत्याचं त्यांना नवल नव्हतं. बिचारी डॉक्टरीण गांगरली. "अम्मा, आहिस्ता. मेरेकू दिखाओ."

शेवटी आक्कांनी सुपातल्या भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि अंगणात मांडायला सुरुवात केली. एक शेंग म्हणजे एक शेळी. आई, तिच्याखाली लेकी, त्यांच्याखाली लेकी. बोकडासाठी एक मोठी, तीन दाण्यांची शेंग. मांडता मांडता दर वेळी हात त्या मोठ्या शेंगेकडं जाई. ही त्याची बहीण, तरी त्याच्याकडंच आलेली. ही त्याची लेक, तरी त्याच्याकडंच. ही त्याच्या लेकीची लेक, तीही. सगळ्या शेंगा कुठून कुठून फिरून पहिल्या म्हातारीपाशी येऊन थांबत होत्या. हळूहळू आक्कांचा हात मंदावला. शेवटच्या दोन-तीन शेंगा त्यांनी मांडल्याच नाहीत, मुठीत धरून ठेवल्या.

डॉक्टरीण त्यांच्याजवळ खाली बसली आणि तिनं समजावलं. शरीरात पेशींच्या आत रोज काही गोष्टी मोडून साफ करायच्या असतात. त्यासाठी एक एन्झाइम लागतं. ते बनवण्याची खूण आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी मिळते. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं. जनावर ठणठणीत दिसतं, कुणाला कळतही नाही. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या की एन्झाइम तयारच होत नाही. मग मोडायचं ते मोडत नाही, साचत राहतं, मेंदूत, नसांत, अगदी आईच्या पोटात असल्यापासून. म्हणून करडू जन्मतःच असं. सावत्र भाऊ-बहीण, बाप-लेक असं घरातल्या घरात चाललं की दोन बिघडलेल्या खुणा एकत्र येण्याची शक्यता वाढते.

इथं साठीतल्या बाईला राहवलं नाही. ती म्हणाली, "हो, म्हणजे प्रच्छन्न गुणधर्म! पाहा आक्का, समजा आपण मोठा अ आणि छोटा अ घेतला..."

आक्का माझ्याकडं न बघता डॉक्टरणीला म्हणाल्या, "मतलब बर्तन घिसने वाली बाई पैदाच नहीं हुई. जूठे बर्तन जमा होते गए."

"एकदम सही, अम्मा."

एवढ्यात एक पाठ दोरी तोडून आली आणि तिनं पहिल्या म्हातारीची शेंग खाल्ली. कुणीही हसलं नाही. आता लिहिताना मला हसू येतंय, तेव्हा नाही आलं.

रक्त तपासायला बाहेर पाठवलं. कळायला वेळ लागला, पण आक्कांना ते शेंगांपाशीच कळलं होतं. बोकडात ती खूण निघाली. गोठ्यातल्या बऱ्याच शेळ्यांतही. तोवर जुळ्यातलं ते दुसरं करडूही गेलं होतं.

त्या दिवसांत शहराबाहेरच्या एका फार्महाउसचा मालक बोकडाच्या मागं लागलेला होता. आक्कांनी त्याला सांगितलं, बोकड आता पैदाशीचा नाही, रक्तात दोष आहे. तो म्हणाला, अहो, दिसतो तर राजासारखा, मी माझ्याकडं नेतो, कुणाला काय कळणार? आक्का म्हणाल्या, "मला कळलंय की." आणि फाटक लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरणीकडून बोकडाला खच्ची करून घेतलं. तो दोन दिवस आमच्याकडं पाठ करून उभा होता. आज लठ्ठ झालाय, सुखी आहे, आणि शाळेची पोरं अजून सलाम करतात. त्याच्या जागी आक्कांनी लांबच्या एका गावातून नवा बोकड आणला. तपकिरी, बुटका, कान आखूड, चेहरा पाकीटमाराचा. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "आक्का, हा जावई कुठून शोधलात?" त्या म्हणाल्या, "दिसाया कसा बी असंना. नात्यातला न्हाई."

हे सगळं जमलं. राहिलं होतं ते अवघड. ज्या ज्या घरी पाठ दिली होती, तिथं जाऊन सांगायचं होतं.

मी सल्ला दिला. फोन करा. नाहीतर नुसतं सांगा, बोकड म्हातारा झाला.

"म्हातारा झाला म्हटलं तर त्याच्या पोराकडं नेतील," आक्का म्हणाल्या. "मग सांगून उपेग काय?"

म्हणून आम्ही घरोघर गेलो. मी सोबत होते, कारण रिक्षावाल्याचं अॅप मला चालवता येई, एवढीच माझी उपयुक्तता उरली होती. बहुतेकांनी समजून घेतलं. एकीनं शेळी विकून टाकली, एक रुसली. आक्का प्रत्येक दारात तेच, त्याच शब्दांत सांगत. कोठीचं घर त्यांनी शेवटी ठेवलं.

कोठीला त्यांची धाकटी लेक दिलेली. पुस्तकांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत व्यापाऱ्याचं जुनं घर, मधोमध अंगण, आणि त्या घरात विहीणबाई. या बाईंच्या जिभेला आमच्याकडचे सगळे भीत. लग्नात त्यांनी पंगतीतल्या मटणाला "पुण्याचं वाटतं" म्हटलं होतं, आणि ते मी केलेलंही नव्हतं. आंदणात पाठ आली तेव्हा "आमच्याकडं काय दूध विकत मिळत नाही?" असं विचारलं होतं. त्यावर आक्का सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाल्या होत्या, "दूध मिळंल. असं रक्त मिळायचं न्हाई."

आता त्याच रक्ताचं सांगायला जायचं होतं. पण आक्कांना स्वतःच्या नाकाची काळजी नव्हती. लेकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. त्या घरात जाऊन, त्या बाईंच्या तोंडावर, आपल्या घरून आलेल्या रक्तात खोट आहे हे शब्द उच्चारायचे होते. मग तो टोमणा शेळीवरून लेकीवर यायला कितीसा वेळ लागणार? लेकीनं रोज त्याच घरात जेवायचं होतं. आणि न सांगावं, तर विहीणबाईंची शेळी आमच्याच बोकडापासून गाभण होती.

लेक ऑफिसला गेलेली असेल अशा वेळी आम्ही गेलो. शेळी अंगणात नळाजवळ बांधलेली, पोट चांगलंच दिसत होतं. विहीणबाईंनी चहा आणि उस्मानिया बिस्किटं मागवली. आक्कांनी कप बाजूला सारला.

"आधी सांगते. मग चहा द्यायचा का न्हाई ते तुम्ही ठरवा."

आणि उभ्या उभ्या सांगितलं. "माझ्या बोकडाच्या रक्तात खोट हाय, हे पक्कं झालंय. मी दिलेल्या तुमच्या शेळीत बी असू शकंल. असली तर तिचं करडू चांगलं बी निपजंल, दुबळं बी निपजंल. दुबळं झालं तर ते उठणार न्हाई, त्याला ऐकू येणार न्हाई, आन् ते जगणार न्हाई. जाणून दिलं न्हाई मी. पण मीच दिलं."

गल्लीतून हॉर्न वाजत होते. विहीणबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. "सूनबाईला माहीत आहे?"

"न्हाई. आधी तुमच्याकडं आले."

"का?"

"तिच्याकडून कळलं असतं तर तुम्ही तिला बोलला असता. मला बोला. काय बोलायचं ते आत्ता बोला, मी ऐकायलाच आले. फक्त शेळीचं बोलणं माझ्या लेकीपाशी नेऊ नका."

मी बिस्किट हातात धरून बसले होते. ते चहात पडलं.

"एवढ्या वर्षांत मला बोला म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं," विहीणबाई म्हणाल्या, "आणि आज बोलायला काही सुचेना बघा." मग आवाज खाली आला. "लेकराबाळाचं मी तुमच्या लेकीला आजवर विचारलं नाही. ते आता एका शेळीवरून विचारेन, असं वाटलं तुम्हाला?"

आक्कांनी मान खाली घातली. आमच्या घरात आल्यापासून मी ती मान खाली गेलेली पाहिली नव्हती.

"वाटलं," त्या म्हणाल्या.

"खरं बोलता, हे बरंय. बसा आता. शेळी न्यायला आला होतात का?"

"तुम्ही म्हणाल तर नेते. व्यायला तर माहेरी न्यावीच लागंल..."

"काही नको. इथंच व्याईल ती. त्या तुमच्या माहेरपणानंच सगळा घोळ केलाय." विहीणबाईंनी चहाचा कप पुन्हा आक्कांच्या पुढं सरकवला. "तुमची डॉक्टरीण कोण आहे, तिला इकडं पाठवून द्या. आणि काय काय बघायचं असतं ते मला आत्ताच सांगून ठेवा."

मग आक्कांनी सांगितलं. डोकं, डोळे, कान, गुडघे, घोटे, सडाकडं जाताना येणारी थरथर. विहीणबाई मधे मधे विचारत होत्या, आणि प्रश्न इतके नेमके की मला माझ्या वर्गातली एकही मुलगी आठवेना. दोघी अंगणात शेळीजवळ बसल्या होत्या. पहिल्यांदाच त्यांच्यापैकी कुणाची पाठ दुसरीपेक्षा ताठ नव्हती.

डॉक्टरणीनं रक्त नेलं. विहीणबाईंच्या शेळीतही ती खूण निघाली. म्हणजे प्रत्येक करडामागं चारात एक धोका. विहीणबाईंनी ते फोनवर ऐकलं आणि "बरं" म्हणाल्या.

पावसाळा संपता संपता एका सकाळी त्यांचा फोन आला. एकच शब्द, "या." आक्का चप्पल उलटसुलट घालून निघाल्या.

जुळं झालं होतं. एक करडू काळंभोर, कान जमिनीला लागतील असे, आईला ढुशा देत पीत होतं. दुसरं विहीणबाईंच्या मांडीवर होतं. मला डोक्याचा आकार दिसला आणि मी आक्कांकडं बघायचं टाळलं. विहीणबाई जमिनीवर बसल्या होत्या, भारी पातळावर गोणपाट पसरून. करडाचं डोकं कोपराच्या खळगीत धरायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या हातानं धरत होत्या, ते थरथरत होतं, दूध सांडत होतं. आक्का शेजारी बसल्या, त्यांचा हात धरून जरा वर सरकवला, करडाचं डोकं खळगीत आलं. थरथर थांबली. घोट गेला.

"माझ्यामुळं," आक्का म्हणाल्या.

"हे एक तुमचं आणि ते एक माझं, असं नसतं हो," विहीणबाई म्हणाल्या. "दोन्ही या घरात जन्मलीत. जोवर पितंय तोवर पाजू. आणि सूनबाई आली की तिलाही शिकवा हे. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे."

आक्का रडल्या. आवाज न करता, करडाच्या तोंडाशी चमचा तसाच धरून.

आणि नेमक्या त्या क्षणी साठीतली बाई पुढं सरसावली. "बघा ना," ती म्हणाली, "अगदी शास्त्रानुसार! म्हणजे चारात एक म्हणजे दर वेळी चारात एकच असं नसतं बरं का, ते दर करडाला वेगळं मोजायचं, म्हणजे समजा मोठा अ..."

"तुम्ही गप्प बसा हो," विहीणबाई म्हणाल्या.

"तू गप गं," आक्का म्हणाल्या.

दोघींनी एकाच दमात म्हटलं आणि मग एकमेकींकडं पाहिलं. विहीणबाईंनी वाटी माझ्याकडं सरकवली. दूध गार झालं होतं. मी वाटी उचलली आणि ते कोमट करायला आत गेले.